दंड सरकारजमा होतो, थकबाकी दाव्यातूनच मिळते

पत्र : मरोळच्या एका ऑफिस इमारतीत आम्ही १४ जण ठेकेदारामार्फत साफसफाईचं काम करतो. ड्युटी सकाळी ८ ते रात्री ८, मध्ये तासभर जेवणाची सुट्टी. बँकेत किमान वेतनाइतका पगार बरोबर जमा होतो, पण त्याच दिवशी सुपरवायझर प्रत्येकाकडून ३,००० रुपये रोख परत घेतो. ओव्हरटाइम कधीच मिळाला नाही. स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो, पासबुकात मात्र गेल्या ७ महिन्यांची एकही नोंद नाही. इमारतीच्या मॅनेजरला विचारलं तर म्हणतो, तुम्ही आमची माणसं नाही, ठेकेदाराशी बोला. आता व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरतोय की ऑस्ट्रेलियासारखा कडक कायदा येतोय, पगार खाणाऱ्या मालकाला थेट जेल आणि प्रत्येक कामगाराला ५०,००० रुपये. आमच्यातले काही म्हणतात, कायदा येईपर्यंत गप्प राहू. थांबावं का? आणि निनावी तक्रार केली तर चालेल का?
— एक वाचक, मरोळ

उत्तर : थांबू नका. ज्या कायद्याची वाट पाहताय तो लागू झालेला आहे, आणि मेसेजमध्ये सांगितलाय तसा तो नाही.

केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. तुमच्या पगाराचा संबंध त्यातल्या वेतन संहिता, २०१९ शी येतो. १९३६ चा वेतन प्रदान कायदा आणि १९४८ चा किमान वेतन कायदा आता तिच्यातच आले. मेसेजमधला ५०,००० चा आकडा या संहितेच्या कलम ५४ मधून उचललेला दिसतो. कामगाराला देणं लागत असलेल्या रकमेपेक्षा कमी पैसे दिले, तर मालकाला जास्तीत जास्त ५०,००० रुपये दंड होतो. हा दंड सरकारच्या तिजोरीत जमा होतो. कामगाराच्या खात्यात त्यातला रुपयाही येत नाही.

जेलचंही तसंच. पहिल्या वेळी फक्त दंड आहे. एकदा दोषी ठरलेला मालक ५ वर्षांच्या आत तशाच गुन्ह्यात पुन्हा सापडला, तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या किमान वेतन कायद्यात दंड होता फक्त ५०० रुपयांपर्यंत, पण ६ महिन्यांपर्यंतची कैद पहिल्याच गुन्ह्याला होऊ शकत होती. म्हणजे दंडाची रक्कम शंभर पटीने वाढली आणि कैद एक पायरी मागे सरकली. कायदा सरसकट कडक झाला असं जे सांगितलं जातं, ते त्यामुळे अर्धंच खरं आहे. त्यातही पहिल्या गुन्ह्याला कलम ५६ खाली तडजोडीची सोय आहे. कमाल दंडाच्या निम्मी रक्कम, म्हणजे २५,००० रुपये भरले की ते प्रकरण तिथेच मिटतं.

ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०२५ पासून जाणूनबुजून पगार कमी देणं हा फौजदारी गुन्हा झाला आणि त्याला १० वर्षांपर्यंत कैद आहे, हे खरं. पण तो कायदा तिथला, आणि तिथेही चुकून कमी पैसे गेले असतील तर तो गुन्हा लागत नाही. मरोळच्या ठेकेदारावर त्याचा काडीचा परिणाम होणार नाही.

आता ठेकेदाराच्या बाजूने हिशेब करून पाहू. समजा तुमचं मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून महिन्याला १५,६०० रुपये होतात. (हा आकडा हिशेबाच्या सोयीसाठी घेतलाय. तुमचा खरा दर कसा काढायचा ते पुढे येतंच.) २६ ने भागलं की दिवसाचे ६००, आठ तासांनी भागलं की तासाचे ७५. जादा कामाला संहितेच्या कलम १४ प्रमाणे किमान दुप्पट दर, म्हणजे तासाला १५०. सकाळी ८ ते रात्री ८ मधून जेवणाचा तास वगळला तर काम ११ तासांचं होतं, म्हणजे रोज ३ तास जादा. दिवसाचे ४५० रुपये, २६ दिवसांचे ११,७००. त्यात रोख परत घेतलेले ३,००० मिळवा. महिन्याला प्रत्येकी १४,७०० रुपये बुडतायत.

तुमच्या पत्रात सगळा राग त्या ३,००० वर आहे. हातातून नोटा जाताना दिसतात, म्हणून ते साहजिकच आहे. पण ओव्हरटाइमचं नुकसान त्याच्या जवळजवळ चौपट आहे, आणि तुम्ही ते एका ओळीत उरकलंत. वर्षभराचे माणशी १,७६,४०० रुपये झाले. चौदा जणांचे २४,६९,६००. एवढी रक्कम खिशात घालणाऱ्या माणसाला २५,००० रुपये भरून सुटता येत असेल, तर दंडाचा धाक त्याला कुठून बसणार? दंड बुडवलेल्या रकमेच्या पटीत आणि कामगारागणिक असायला हवा होता. निदान कामगाराची थकबाकी चुकती केल्याशिवाय तडजोड मंजूरच होऊ नये, अशी अट तरी हवी होती. राज्याच्या नियमांचे मसुदे सूचना-हरकतींसाठी प्रसिद्ध होतात. युनियनने तेव्हा हे लेखी मांडावं.

पण याच संहितेत ठेकेदाराला खरोखर जड जाईल असं एक कलम आहे आणि मेसेजमध्ये त्याचा पत्ताच नाही. कलम ४५, थकबाकीचा दावा. राजपत्रित दर्जाचा अधिकारी तो ऐकतो. थकलेली पूर्ण रक्कम, आणि वर तिच्या दहापटीपर्यंत नुकसानभरपाई द्यायचा आदेश तो काढू शकतो. दहापट ही वरची मर्यादा आहे, ती मिळेलच असं धरून चालू नका. पण २४ लाखांच्या थकबाकीवर दुप्पट-तिप्पट भरपाईची शक्यता जरी उभी राहिली, तरी ठेकेदार बोलायला येतो. दावा हक्क निर्माण झाल्यापासून ३ वर्षांत लावता येतो. जुन्या किमान वेतन कायद्यात ही मुदत ६ महिन्यांची होती. तक्रार आणि दावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्रारीतून मालकाला दंड होतो, दाव्यातून तुमचे पैसे येतात. दोन्ही लावा, पण आधी दावा. तडजोडीने दंडाचं प्रकरण मिटलं तरी दावा चालूच राहतो.

निनावी तक्रारीने दावा लागत नाही. कुणाचे, कोणत्या महिन्याचे, किती पैसे, हे नावानिशी सांगितल्याशिवाय अधिकारी आदेश कसा काढणार? निनावी पत्राने फार तर एखादी तपासणी होईल आणि ठेकेदार मधल्या काळात रजिस्टर नीट लावून ठेवेल. मात्र एकट्याने नाव पुढे करायची गरज नाही. चौदाही जणांचा मिळून एकच अर्ज करता येतो. नोंदणीकृत कामगार संघटना तुमच्या वतीने दावा लावू शकते, निरीक्षकही लावू शकतो. युनियनमध्ये गेलात तर आधी नोंदणीचं प्रमाणपत्र पाहा आणि वर्गणीची पावती घ्या. नोंदणी नसलेल्या 'सेने'च्या लेटरहेडवर दावा उभा राहत नाही.

हिशेबाचा तक्ता

अर्जाइतकंच महत्त्व या तक्त्याला आहे, आणि बहुतेक अर्ज लटकतात ते तो नसल्यामुळेच. "आम्हाला पूर्ण पगार मिळत नाही" एवढंच लिहिलं की अधिकाऱ्याला काही करता येत नाही. प्रत्येक कामगाराचा वेगळा कागद करा. रकाने असे आखा: महिना, भरलेले दिवस, रोजचे जादा तास, किमान वेतनाचा दर, ओव्हरटाइमची देय रक्कम, बँकेत जमा झालेली रक्कम, रोख परत घेतलेली रक्कम, बाकी. शेवटी बेरीज आणि सही.

दर कामगार आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर मिळतो. तीन गोष्टी जुळवून पाहा: तुमचा उद्योग, तुमचं परिमंडळ (दर ठरवण्यासाठी केलेला भाग), आणि तुम्ही अकुशल, अर्धकुशल की कुशल. विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, जानेवारी ते जून एक आणि जुलै ते डिसेंबर दुसरा. वर्षाच्या तक्त्यात त्यामुळे दोन दर येतात. सगळीकडे एकच दर टाकला की समोरचा वकील तेवढ्यावर अख्खा तक्ता चुकीचा ठरवू पाहतो.

जेवणाचा तास वगळताना विचार करा. त्या तासात खरोखर मोकळे असता का? जेवताना वॉकी-टॉकीवर बोलावणं आलं की हातातला घास टाकून सातव्या मजल्यावर सांडलेला चहा पुसायला जावं लागत असेल, तर ती सुट्टी नुसती नावाला आहे. तसं असेल तर स्पष्ट लिहा आणि तो तास धरा. पण चौदाही जणांचं सांगणं एकसारखं हवं. उलटतपासणीत दोघे दोन वेगळ्या गोष्टी बोलले तर बाकीच्यांचंही नुकसान होतं.

२१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीचे महिने वेगळ्या तक्त्यात घ्या. जुन्या कायद्यातल्या कमी मुदतीचा मुद्दा ठेकेदाराचा वकील काढणारच. जुने-नवे महिने एकत्र असले की त्या वादात अख्खा दावा अडकतो. वेगळे असले की निदान नंतरच्या महिन्यांचा निकाल अडत नाही.

रोख परत घेतल्याचा पुरावा

तुमच्या प्रकरणातली सगळ्यात नाजूक बाजू हीच आहे. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी संहितेच्या कलम ५९ प्रमाणे मालकावर आहे, कामगारावर नाही. ओव्हरटाइमच्या बाबतीत हे तुमच्या बाजूने जातं, कारण तो दिल्याचा एकही कागद ठेकेदाराकडे नसणार. किमान वेतनाच्या बाबतीत मात्र तो बँकेची नोंद पुढे करेल आणि म्हणेल, पूर्ण दिले. ते ३,००० परत गेले हे तुम्हाला दाखवावं लागेल.

एका पासबुकातून ते दिसत नाही, चौदा एकत्र ठेवली की दिसतं. पगार जमा झाल्याच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी प्रत्येक खात्यातून ३,००० काढलेले, तेही बहुधा ऑफिसजवळच्या त्याच एटीएममधून, महिन्यामागून महिना. चौदा माणसांना दर महिन्याला एकाच तारखेला सारख्याच रकमेची गरज कशी पडते, याचं उत्तर ठेकेदाराला द्यावं लागेल. बँकेतून शिक्का मारलेलं स्टेटमेंट घ्या, मोबाइलवरच्या स्क्रीनशॉटवर भागवू नका. कुणी सुपरवायझरला कधी यूपीआयने पैसे पाठवले असतील, तर ती नोंद सोन्यासारखी जपा. यापुढे रोख मागितली तर दिल्याबरोबर त्याला साधा मेसेज टाका: "साहेब, आज पगारातले ३,००० तुमच्याकडे दिले." तो "ओके" म्हणाला तरी पुरे. काहीच बोलला नाही तरी त्या तारखेचा, त्या वेळेचा मेसेज तुमच्याकडे राहतो.

जादा तासांसाठी हजेरीबुकाचे फोटो, इमारतीच्या गेटवरच्या रजिस्टरमधल्या तुमच्या सह्या, बायोमेट्रिक असेल तर त्याची नोंद. सुपरवायझर रोज सकाळी ग्रुपवर हजेरीचा फोटो टाकत असेल तर तो ग्रुप सोडू नका, चॅट पुसू नका, फोन विकायचा असेल तर आधी सगळं दुसरीकडे उतरवून ठेवा. मोबाइलमधला पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. वकील किंवा युनियनचा माणूस ते तयार करून देईल, पण ज्या फोनमधला पुरावा आहे तो फोन जागेवर असायला हवा.

"तुम्ही आमची माणसं नाही"

मॅनेजरचं हे बोलणं कायद्यापुढे टिकत नाही. वेतन संहितेच्या कलम ४३ प्रमाणे ठेकेदाराने पैसे दिले नाहीत, तर ज्या आस्थापनेत तुम्ही काम करता तिच्या मालक कंपनीवर ती रक्कम देण्याची जबाबदारी येते. किती कामगार आहेत याची अट त्या कलमात नाही. ठेका कामगारांची स्वतंत्र तरतूदही आहे, पण व्यावसायिक सुरक्षा संहितेतला तो भाग ५० किंवा अधिक ठेका कामगार असतील तिथे लागू होतो. तुम्ही चौदा आहात, म्हणून कलम ४३ चाच आधार घ्या. दाव्यात सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध दावा आहे ते) दोन लिहा, क्रमांक १ ठेकेदार आणि क्रमांक २ इमारत चालवणारी कंपनी. कंपनीचं नाव वगळून लावलेले दावे जिंकूनही कोरडे राहतात, कारण ठेकेदार नाव बदलून दुसऱ्या फर्मने काम घेतो आणि जुन्या फर्मच्या खात्यात काही उरलेलं नसतं.

दावा लावण्याआधी कंपनीच्या एचआर विभागाला एक लेखी पत्र द्या. तुमचे किती पैसे थकलेत आणि कलम ४३ काय म्हणतं, एवढंच त्यात असावं. पुष्कळदा प्रकरण इथेच हलतं. ऑडिटमध्ये हे निघालेलं कंपनीला नको असतं, आणि ठेकेदाराचं पुढचं बिल अडवून धरायची ताकद तिच्याच हातात असते.

कोणत्या दारात जायचं

खासगी ऑफिस इमारत राज्य सरकारच्या अखत्यारीत येते, म्हणून वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन. मात्र तुमच्यासारखंच काम कुणी विमानतळावर, रेल्वेत, बँकेत, बंदरात किंवा विमा कंपनीत करत असेल, तर तिथे केंद्र सरकारचा अधिकार चालतो. त्यांनी केंद्रीय कामगार आयुक्तालयाच्या मुंबई कार्यालयात किंवा समाधान पोर्टलवर जावं. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज तिथून परत यायलाच महिने जातात. तुमच्या इमारतीतल्या सिक्युरिटीवाल्यांचंही असंच असेल तर त्यांनी सुरक्षा रक्षक मंडळाकडे चौकशी करावी. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात १९८१ चा वेगळा कायदा आहे.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक प्रत आत द्या, दुसरीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हटलं तर ठेवून येऊ नका, आवक-जावक टेबलावर जा. तिथेही घेतलं नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. महिनाभरात काही हललं नाही तर त्याच आवक क्रमांकावर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून: माझ्या अर्जावर आजवर काय कारवाई झाली, फाइल सध्या कोणाकडे आहे. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नुसत्या या प्रश्नाने फाइल एका टेबलावरून पुढे सरकते, हा मुंबईतल्या युनियनवाल्यांचा नेहमीचा अनुभव आहे.

तक्रारीची भाषा जपून वापरा. "वेतनचिठ्ठी बरोबर नाही, रजिस्टर नीट नाही" अशा गोष्टींवर भर दिलात, तर निरीक्षकाने कायद्याप्रमाणे मालकाला आधी चूक सुधारायची संधी द्यावीच लागते. मालक चार कागद तयार करतो आणि विषय बंद होतो. देय रकमेपेक्षा कमी पैसे दिल्याच्या गुन्ह्याला ही सवलत नाही. म्हणून पहिलं वाक्य तेच असू द्या: अमुक महिन्यांत देय वेतनापेक्षा अमुक रक्कम कमी दिली. स्लिप आणि रजिस्टर नंतर. आणि एकट्या ठेकेदारावर पहिला गुन्हा शाबीत झाला तरी त्याचा उपयोग आहे, कारण पुढच्या ५ वर्षांत तो दुसऱ्या इमारतीत हेच करताना सापडला, तर तिथल्या कामगारांसाठी कैदेचं कलम उघडं होतं.

दावा ३ महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं संहिता सांगते. तारखांवर तारखा पडू शकतात, तयारी ठेवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना १९८७ च्या कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळू शकतो.

पीएफ

हे प्रकरण वेगळं चालवा, वेतनाच्या दाव्यात मिसळू नका. महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावा लागतो. ७ महिने म्हणजे नुसता उशीर नव्हे. उमंग अॅपवरून किंवा ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या) संकेतस्थळावरून पासबुक काढा, त्या सातही महिन्यांच्या स्लिपा जोडा आणि ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर प्रत्येकाने आपल्या यूएएनवरून (पीएफच्या कायम क्रमांकावरून) तक्रार टाका. स्लिप हातात असणं इथे फार महत्त्वाचं, कारण पैसे कापल्याचा तोच लेखी पुरावा. मेसेजमधली जेल खरोखर कुठे असेल तर ती इथे आहे. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा न भरल्यास सामाजिक सुरक्षा संहितेत १ ते ३ वर्षं कैद आणि १ लाख रुपये दंड आहे. खटल्याआधी इथेही मालकाला भरायची संधी मिळते आणि बहुतेक ठेकेदार त्या नोटिशीनंतर निमूटपणे भरून टाकतात. तुमच्या दृष्टीने तेच हवंय. दाव्याच्या निकालाची वाट न पाहता हे काम या आठवड्यात करून टाका.

नोकरी जाईल का

भीती खोटी नाही. ठेकेदार "काढलं" असं लिहून देत नाही. तो म्हणतो, "उद्यापासून येऊ नको," आणि महिन्याने रजिस्टरात लिहितो, काम सोडून गेला. याला एकच उत्तर आहे. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला गेटवर हजर व्हा, वेळ दिसेल असा फोटो काढा आणि तिथूनच ठेकेदाराला आणि कंपनीच्या एचआरला मेसेज करा: मी कामावर आलो आहे, मला आत सोडत नाहीत, मी काम करायला तयार आहे. पुढचे दोन-तीन दिवस हेच करा. मग तीच हकिगत लिहून स्पीड पोस्टाने पाठवा. काम सोडून गेला ही बतावणी मग टिकत नाही. तक्रार केली म्हणून काढणं ही अनुचित कामगार प्रथा ठरते आणि औद्योगिक संबंध संहितेत तिला १०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. कामावर परत घेण्याची मागणी मात्र वेगळी आणि लगेच करावी लागते. युनियन किंवा वकिलाला त्याच आठवड्यात गाठा, काहीही झालं तरी घटनेपासून ९० दिवस उलटू देऊ नका.

आणखी एक. कोऱ्या व्हाउचरवर, कोऱ्या कागदावर, तारीख नसलेल्या राजीनाम्यावर कुणीही सही करू नका. आधी केल्या असतील तर दाव्यातच तसं लिहून टाका की भरतीच्या वेळी अशा सह्या घेतल्या होत्या. ते कागद नंतर पुढे आले तर त्यांचं वजन तिथेच कमी होतं. खरोखर काढलंच, तर उरलेला सगळा पगार कामाच्या दोन दिवसांत द्यावा लागतो. तो हिशेबही तक्त्यात चढवा.

तडजोडीचा निरोप येईलच, बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या तारखेनंतर, आणि बहुधा चौदातल्या तिघा-चौघांना गाठून. कोणी एकटा भेटायला जाणार नाही हे आजच ठरवा. तडजोड करायला हरकत नाही, बऱ्याचदा ती शहाणपणाची असते. पण ती अधिकाऱ्यासमोर लेखी व्हावी, रक्कम नावानिशी लिहिलेली असावी, आणि रोख न घेता प्रत्येकाच्या बँक खात्यात जमा व्हावी. "पूर्ण व अंतिम" असं लिहिलेल्या कागदावर पैसे खात्यात दिसल्याशिवाय सही करू नका. पीएफ त्या तडजोडीत बुडवून घेऊ नका, तो ईपीएफओकडेच भरला गेला पाहिजे.

आदेश तुमच्या बाजूने झाला आणि तरी ठेकेदाराने पैसे दिले नाहीत, तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल होते. या टप्प्यावर आदेश फायलीत पडून राहतात, कारण वसूल कुठून करायचं हे कुणी सांगत नाही. तुम्ही सांगू शकता. तुमच्या बँक स्टेटमेंटवर पगार कोणत्या खात्यातून आला ते छापलेलं असतं. ते खातं, ठेकेदाराच्या बिलावरचा जीएसटी क्रमांक, त्याच्या ऑफिसचा पत्ता आणि तो आणखी कोणकोणत्या इमारतींत काम करतो त्यांची नावं, हे सगळं एका कागदावर लिहून वसुलीच्या अर्जाला जोडा. हा कागद आत्ताच तयार करून ठेवा, तुम्ही कामावर आहात तोवर ही माहिती सहज मिळते.